कुवेतमधली गार इमारत

सालमिया

जुलैत कुवेतला कोणी हौसेने जात नाही. तिथे राहणाऱ्यांपैकीसुद्धा ज्यांना जमतं ते जुलैत देश सोडतात. मला मात्र जुलैच हवा होता. नवीन इमारत वीज किती खाते आणि आतल्या माणसांना किती गार ठेवते हे मोजणं हे माझं काम, आणि ती कस लागेल अशा दिवसांतच तपासावी लागते. पुण्यातल्या आमच्या छोट्याशा ऑफिसने कुवेतमधल्या एका संशोधन संस्थेच्या नव्या इमारतीसाठी आकडेमोड करून दिली होती. कागदावर इमारत उत्तम होती. आता ती खरोखर तशी आहे का, एवढं बघून यायचं होतं.

विमान पहाटे उतरलं. दारातून बाहेर पाऊल टाकलं आणि चष्म्यावर वाफ धरली. पुसला तर पुन्हा धरली. माझ्या मावसबहिणीचे, अनघाचे, यजमान हेमंतराव न्यायला आले होते. मी त्यांना ओळखायच्या आधी त्यांनीच हाक मारली, "माधवीताई, चष्मा काढूनच चाला. गाडीपर्यंत तसंच व्हायचं."

अनघा इथे एका बँकेत आहे आणि हेमंतराव मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत इंजिनिअर. सालमियातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये एसी एप्रिलमध्ये चालू होतो तो नोव्हेंबरात बंद होतो. आंघोळीला गेले आणि थंड पाण्याचा नळ सोडला तर हात भाजला. मी ओरडले तशी अनघा बाहेरून म्हणाली, "अगं, उलटं! गरमचा सोड." इथे टाक्या गच्चीवर उन्हात असतात, त्यामुळे उन्हाळ्यात नळाला चहाइतकं गरम पाणी येतं. मग लोक गीझर बंद ठेवतात आणि त्यात साठून घराच्या गारव्याने निवलेलं पाणी वापरतात. उन्हाळाभर गीझर हाच माठ.

नाश्त्याला साबुदाण्याची खिचडी होती. मी आले म्हणून. अनघाची लेक ईरा टेबलाशी येऊन "हाय मावशी" म्हणाली, मी विचारलेल्या पाचही प्रश्नांना इंग्रजीत उत्तरं देऊन खोलीत गेली. हेमंतरावांनी मला मोबाइलवर एक चित्र दाखवलं. गाडीच्या स्पीडोमीटरसारखा काटा, हिरव्यातून पिवळ्यात आणि पिवळ्यातून लाल पट्ट्यात जाणारा.

"हा देशाच्या विजेवरचा ताण," ते म्हणाले. "दुपारी लाल होतो. मग ठरवून एकेका भागाची वीज काढतात. तेलावर बसलेला देश, आणि दुपारी लाइट जातात. पूर्वी कोणी सांगितलं असतं तर हसलो असतो."

कॅम्पस

शहराच्या दक्षिणेला, वस्ती संपते तिथे संस्थेची जागा होती. चारी बाजूंना पिवळट, सपाट माती, आणि हवेत धूळ इतकी की आकाश आणि जमीन एकाच रंगाची. मधोमध ती इमारत उभी होती. आल्या आल्या कोणाचंही लक्ष जाऊ नये अशी. दोन मजल्यांची, मातकट, जाड भिंतींची. खिडक्या लहान आणि खोल, प्रत्येकीवर लाकडी जाळीच्या झडपा. आत चौक. कुवेतच्या जुन्या घरांत असा चौक असायचा, त्याला तिथे हौश म्हणतात. चौकाखाली पाण्याची मोठी टाकी. दिवसा छपरावरच्या सौर पट्ट्यांच्या विजेवर ते पाणी थंड करायचं आणि फरशीखालच्या नळ्यांतून सगळ्या इमारतीत फिरवायचं. बाहेरची वीज गेली तर बॅटरीवर फक्त छोटे पंप चालू राहतात आणि इमारत साठवलेल्या गारव्यावर तग धरते. आमच्या आकडेमोडीप्रमाणे पूर्ण दिवस.

हे सगळं जिच्या हट्टामुळे उभं राहिलं ती डॉ. मुनीरा मला दारात भेटली. पंचेचाळिशीची, काळ्या पायघोळ अबायाखाली पांढरे बूट, चालणं भराभर. तिचं लहानपण जुन्या कुवेत शहरात, दस्मानजवळच्या अशाच चौकाच्या घरात गेलं होतं. ते घर पाडून तिथे काचेचा टॉवर झाला. संस्थेत ही इमारत बांधायला तिला कितीतरी वर्षं भांडावं लागलं होतं.

"मुहंदिसा," ती मला म्हणाली. इंजिनिअर बाईला इथे असं म्हणतात. "महिनाअखेर समितीची बैठक आहे. कॅम्पसमधल्या बाकीच्या इमारती कशा बांधायच्या ते त्या दिवशी ठरणार. काचेच्या इमारतींचे नकाशे तयारच आहेत. तुझी परीक्षा पास झाली तर ते नकाशे मागे पडतील."

"आणि नापास झाली तर?"

"तर ही एक इमारत मुनीराचा छंद म्हणून राहील."

त्याच दिवशी मी विलास मेस्त्रींना भेटले. मी चौकात उभी राहून ऑफिसला फोन करत होते. झडपेला बिजागरी बसवणारा एक माणूस हातातलं काम थांबवून माझ्याकडे बघत राहिला. फोन ठेवल्यावर म्हणाला, "मराठी काय ओ तुमी?"

"हो. पुण्याची. तुम्ही?"

"मी देवगडाकडचो. हे बाबल, आमच्याच वाडीतलो."

बाजूला पाना धरून उभे असलेले बाबल वयाने मोठे, बोलायला कमी. दोघेही सुतार. कॉन्ट्रॅक्टवर आलेले, बायकामुलं गावाला. इमारतीच्या सगळ्या झडपा या दोघांनी आणि त्यांच्या सोबतच्या चार-पाच जणांनी केल्या होत्या. विलास चाळिशीतले, दाढीत लाकडाचा भुसा, आणि प्रश्न विचारायची फार आवड.

"ताई, पंखो नाय, एसी दिसणा नाय. मग हय गार कसा लागता?"

मी फरशीखालच्या नळ्यांचं सांगितलं. त्यांनी चप्पल काढून पाय टेकवून पाहिला. मग बाबलनाही टेकवायला लावला.

"झाला, आता ह्यो उठूचो नाय," बाबलकडे बघत ते म्हणाले आणि मोठ्याने हसले.

झडपांची कामं त्या आठवड्यात संपत आली होती. उरलेले कामगार बाहेरच्या आवारात फरसबंदी आणि कुंपणाचं काम करत होते, आणि आतलं काम संपलं की सुतारांनाही तिकडेच लावणार होते. उन्हाळ्यात भर दुपारी उघड्यावर काम करायला कायद्याने बंदी आहे. ते तास सगळे जण आवाराच्या कडेच्या पत्र्याच्या केबिनमध्ये काढत. इमारतीच्या मुख्य दारातून केबिन समोर दिसत. मधे फक्त गाड्या लावायची जागा.

मुनीराने मला आवार फिरवून दाखवलं तेव्हा केबिनच्या मागे काँक्रीटचा एक रिकामा चौथरा होता.

"इथे डिझेलचा जनरेटर होता," ती समाधानाने म्हणाली. "तोही काढायला लावला. बांधकामात जळलेलं डिझेलसुद्धा इमारतीच्या हिशोबात धरतात ना? आता सगळं आवार मुख्य लाइनवर आहे. वीज गेली तर म्हणून कॉन्ट्रॅक्टर बॅटरी आणून बसवणार आहे."

मी मान डोलावली. माझ्या यादीत ती चांगल्या गुणांची बाब होती.

खैरानच्या वाटेवर

तिथली सुट्टी शुक्रवार-शनिवारची. शुक्रवारी अनघाने डबे भरले आणि आम्ही खैरानला गेलो. सौदीच्या सरहद्दीकडचा समुद्रकिनारा, श्रीमंत कुवेत्यांचे बंगले, आणि मध्ये मध्ये भाड्याने मिळणारे साधे. हेमंतरावांच्या ऑफिसातल्या एकाने आपला दिला होता. समुद्र हिरवा आणि स्तब्ध. पाय घातला तर कोमट. अनघाने बाजारातून झुबैदी आणली होती. झुबैदी म्हणजे आपलं पापलेट, आणि कुवेती लोक त्याच्याबद्दल मालवणी माणसासारखेच हळवे. तिने ते कोकम लावून तव्यावर परतलं. शेजारच्या बंगल्यातल्या कुवेती बाईंनी वास घेऊन मोठ्या ताटात भात पाठवला, सुक्या लिंबाचा आणि बेदाण्याचा. ताट रिकामं परत करायचं नाही, एवढी रीत दोन्हीकडे सारखीच निघाली. अनघाने त्यात चार तुकड्या घातल्या.

परतताना अंधारू लागलं होतं. मीना अल-अहमदीच्या बाजूला आकाश तांबडं झालं आणि मग ज्वाळा दिसल्या, उंच चिमण्यांच्या टोकांवर.

"ती मधली आमची," हेमंतराव गाडी चालवत म्हणाले. मग वेग कमी करून, "ताई, खरं सांगा. तुमची इमारत वर्षभरात जेवढं वाचवेल तेवढं इथे किती वेळात जळत असेल?"

"फार वेळ लागणार नाही," मी म्हटलं.

"मग?"

माझ्याकडे पाठ केलेलं उत्तर होतं. पुढच्या शंभर इमारती अशा झाल्या तर वगैरे. मी ते दिलंही. ते हसले नाहीत. "व्हायला हव्यात," म्हणाले. "आमच्याकडे दर उन्हाळ्यात माणसं पडतात उन्हाने. आम्ही पेपरात वाचतो फक्त बाहेरचं तापमान."

परीक्षा

परीक्षेची पद्धत सोपी होती. सकाळी इमारतीची बाहेरून येणारी वीज तोडायची. सगळी दारं बंद करून फटींना चिकटपट्टी लावायची. आत मी आणि मुनीरा, दोघीच. प्रत्येक खोलीत तापमापक. संध्याकाळपर्यंत दार उघडायचं नाही, कारण उघडलं की बाहेरची हवा आणि माणसांची उष्णता आत येते आणि आकडे बिघडतात. दारावर बाहेरून कागद लावला होता, अरबीत आणि इंग्रजीत: परीक्षण चालू आहे, दार उघडू नये. सिक्युरिटीच्या माणसालाही तसं बजावलं होतं.

दुपारी बाहेरचा पारा पन्नाशीला टेकला. आत सव्वीस. तासाभराने पुन्हा पाहिलं, सव्वीसच. मुनीराने थर्मासमधून करक चहा ओतला. वेलची आणि दूध घालून आटवलेला, घट्ट. ती खिडकीच्या खोल कट्ट्यावर चढून बसली आणि मुलीसारखे पाय हलवू लागली.

"माझे वडील म्हणायचे, दुपारी चौकातल्या खोलीत झोपलं की बाहेर जग आहे हे विसरायला होतं," ती म्हणाली.

तिच्या मोबाइलवर तो काटा लाल पट्ट्यात गेलेला होता. आमच्या भागाची वीज काढल्याचा मेसेजही आला. आम्हाला त्याचं काय? आमची आधीच बंद होती. उलट आम्ही खूश झालो. खऱ्या वीजकपातीत इमारत टिकली, असं अहवालात लिहिता येईल म्हणून.

झडपेवर काहीतरी वाजलं तेव्हा मला वाटलं वारा आहे. मग पुन्हा वाजलं, आणि मग मुख्य दारावर थापा. मी झडपेच्या जाळीतून पाहिलं. बाबल होते. चेहरा काळवंडलेला, ओठांवर पांढरं. मी बंद काचेला तोंड लावून ओरडून विचारलं, "काय झालं?"

"विलास उठणा नाय, ताई. कायतरी बडबडता. केबिनची लाइट गेली. सगळे भितर तापले."

"कधीची गेली?"

"मगाशीच. मी येवन उभो होतंय. कागद लावलेलो, वॉचमन म्हणता उघडूचा नाय. म्हणान थांबलंय."

बॅटरी आलीच नव्हती. जनरेटर गेला होता. आणि पत्र्याच्या केबिनमध्ये दार लावलं तर भट्टी, उघडलं तर झळा.

मी वळून मुनीराकडे बघितलं. ती कट्ट्यावरून उतरली होती. मी तिला इंग्रजीत भराभर सांगितलं. ती दाराकडे गेली, चिकटपट्टीवर हात ठेवला आणि थांबली. क्षणभरच. त्या क्षणात तिच्या डोळ्यांपुढे काय आलं असेल ते मला माहीत आहे, कारण माझ्याही तेच आलं. मग तिने पट्टी खसकन ओढली. एका ओढीत निघेना, तेव्हा मीही नखं घातली.

बाहेरची हवा तोंडावर आली. गाड्या लावायच्या त्या जागेतून आम्ही धावलो. केबिनच्या दारात माणसं बसली होती, कोणी डोक्यावर ओला टॉवेल घेतलेला. विलास आत पत्र्याच्या जमिनीवर होते. अंग कोरडं. हात लावला तर तव्यासारखं. मला बघून त्यांनी डोळे उघडले पण ओळखलं नाही.

"होडी वढा रे," ते म्हणाले. "वर वढा."

चौघांनी उचललं. मुनीरा पुढे धावत होती, अबाया एका हाताने वर धरून, दुसऱ्या हाताने फोनवर अॅम्ब्युलन्स बोलावत. मग ती वळून बाकीच्यांवर अरबीत ओरडली. कोणी हललं नाही. मी हिंदीत ओरडले, "सब लोग अंदर चलो! सब!" तेव्हा उठले.

आम्ही विलासना चौकालगतच्या मोठ्या खोलीत फरशीवर निजवलं. शर्ट कापला. मुनीराने खिडक्यांचे नवे पडदे ओढून काढले, टाकीच्या नळाखाली भिजवले आणि अंगावर घातले. मी एका जाड फाइलने वारा घालत होते. बाबल डोकं मांडीवर घेऊन बसले होते. "विलास. ए विलास. मी बाबल." एकदा विलासनी त्यांचा हात घट्ट धरला. नंतर पकड सुटली.

भिंतींना टेकून वीस-पंचवीस माणसं बसली होती. बिहारचे, आंध्रचे, नेपाळचे, बांगलादेशचे. एकाने हळूच पालथा हात फरशीवर ठेवला आणि तसाच ठेवून दिला.

अॅम्ब्युलन्स आली. दोन तरुण माणसांनी चटचट काम केलं, बर्फाच्या पिशव्या काखेत ठेवल्या, नेलं. बाबल सोबत गेले. मुनीरा गाडी घेऊन मागे. मी राहिले, कारण आत एवढी माणसं होती आणि कोणीतरी थांबायला हवं होतं. दार सताड उघडं होतं. तापमापक बघायचं भान मला संध्याकाळी आलं. एवढी माणसं आत आणि दार उघडं असूनही पारा तिशीच्या आतच होता.

हॉस्पिटल

विलास मेस्त्री तिसऱ्या दिवशी गेले. मूत्रपिंडं आधी गेली, मग बाकीचं. मी रोज जात होते. अनघा डबा द्यायची, बाबल तो खायचे नाहीत, मग मी समोर बसले की दोन घास खायचे. हॉस्पिटलात एसी इतका होता की बाबल कुडकुडत. त्यांना मी माझी शाल दिली.

कागदावर मृत्यूचं कारण लिहून आलं: हृदय बंद पडल्याने. हेमंतरावांनी ते वाचलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. "सगळ्यांचंच बंद पडतं," ते म्हणाले. "कशाने, ते लिहायची जागाच ठेवलेली नाही." ते दोन दिवस रजा टाकून ऑफिसांतून फिरले. कॉन्ट्रॅक्टरने सांगितलं की कामाची वेळ नव्हती, माणूस विश्रांतीत होता, सबब हा कामावरचा अपघात नाही. बॅटरीबद्दल विचारलं तेव्हा ती मागवली असल्याचं उत्तर मिळालं.

शव पाठवायचे सोपस्कार झाले आणि बाबल त्याच विमानाने गेले. निघताना त्यांनी माझी शाल घडी घालून परत केली.

परीक्षेचं काय, ते मुनीराने मला विलास गेले त्याच संध्याकाळी विचारलं. तिच्या गाडीत, हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये.

"पुन्हा घेऊया का? बैठकीला अजून दिवस आहेत."

"घेऊ शकतो. पण तुला हवी आहे का?"

तिने गाडी बंद केली. "नाही. जे झालं ते लिही. दार कधी उघडलं, का उघडलं, किती माणसं आत आली, पारा कुठे राहिला. इमारत कशासाठी असते, ते त्यात आहे."

मी तसं लिहिलं. आयुष्यात कोणत्याही अहवालावर मी इतकी मेहनत घेतलेली नाही. मुनीराने तो समितीपुढे ठेवला आणि त्यासोबत मागणी केली: उन्हाळ्यात दुपारी कामगारांना इमारतीत बसू द्यावं. समितीने उत्तर दिलं की परीक्षण ठरलेल्या पद्धतीने पूर्ण झालेलं नाही, म्हणून त्याचा विचार करता येत नाही. बाकीच्या इमारती काचेच्या होणार. मागणीबद्दल उत्तरात एक शब्दही नव्हता. नंतर मुनीराची दुसऱ्या विभागात बदली झाली. ती अजून कधी कधी फोन करते. तिकडे म्हणे जनरेटर परत आणून त्याच चौथऱ्यावर बसवलाय.

देवगडच्या अलीकडे

पुण्याला आल्यावर मी तिकडे जायचं पुढे ढकलत राहिले. दिवाळीनंतर गेले. बाबल एसटीच्या थांब्यावर घ्यायला आले होते. वाडी खाडीच्या काठावर, घर चिऱ्यांचं, पुढे मांडव, आणि मांडवाखाली अर्धवट रंधलेल्या फळ्या रचून ठेवलेल्या. विलासच्या बायकोचं नाव सुनंदा. दोन मुली शाळेत गेल्या होत्या. तिने मला पाटावर बसवलं, पाणी दिलं, पोहे केले. मी नको म्हटलं तरी केले. विलासचा धाकटा भाऊ दारात उभा होता.

तिला सगळं बाबलकडून कळलेलं होतं. तरी मी पहिल्यापासून सांगितलं. झडपा, गार फरशी, चप्पल काढून ठेवलेला पाय. ती मधे एकदाच हसली. मग वीज गेली ते सांगितलं, आणि भिजवलेले पडदे, आणि अॅम्ब्युलन्स. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होती.

"ती बिल्डिंग," ती म्हणाली, "लांब होती काय ओ?"

मी बाबलकडे बघितलं. त्यांनी मान खाली घातली.

"नाही," मी म्हटलं. "समोरच होती."

"समोरच," ती म्हणाली. मग उठली, माझी पोह्यांची बशी उचलली आणि आत घेऊन गेली. ती धुतल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.